दारूबंदीने मुंबईचा जॅझ संपवला का? (आणि शेजारच्या खाडीची गोष्ट)

आमच्या लॅबमध्ये कोलकात्याहून आलेला एक पोस्टडॉक आहे. मुंबईत येऊन दोन महिने झाले, तेव्हा एका शुक्रवारी सेंट्रिफ्यूज फिरत असताना त्याने मला विचारलं, "या शहरात एका जागी बसून नीट ड्रिंकही घेता येईल आणि समोर कोणीतरी खरोखर वाजवत असेल, अशी जागा सांग."

मी दोन-तीन नावं सांगितली आणि मग, पीएचडी करणाऱ्या माणसाला जी खोड असते ती जडलेली असल्यामुळे, इतिहास सांगायला लागलो. की बाबा, आता काय राहिलंय, एकेकाळी इथे ताजमध्ये जॅझ वाजायचा, चर्चगेटच्या रस्त्यावर दर चार पावलांवर बँड होता, आणि मग मोरारजींनी दारूबंदी आणली आणि सगळं संपलं. हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय आणि किती वेळा बोललोय याला गणती नाही. तुम्हीही ऐकलं असेल.

त्याने शांतपणे विचारलं, "मग कलकत्त्यात का संपलं? तिथे तर दारूबंदी नव्हती."

सेंट्रिफ्यूज थांबला. मी पण.

हा लेख त्या प्रश्नाचा आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून आता खाडीतल्या माशांवर काम करतो. पण 'अमुक झालं म्हणून तमुक झालं' हे वाक्य तुम्ही तुमच्या सिनॉप्सिसमध्ये लिहिणार आहात, कोणत्याही विषयात असा. ते वाक्य तपासायचं कसं, हे मला या जॅझच्या भानगडीत जितकं कळलं तितकं रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात कळलं नव्हतं.

आधी काय घडलं ते बघू. ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झालं. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकन बँड घेऊन तिथे आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. अमेरिकेत वर्णभेदामुळे जी दारं बंद होती त्यापैकी काही या लोकांना आशियातल्या हॉटेलांमध्ये उघडी मिळाली. हा सगळा इतिहास नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या २०१२ च्या पुस्तकात खणून काढला आहे. तुम्हाला विषयात रस असेल तर तिथून सुरुवात करा.

पण त्या बँडच्या शेजारी उभे राहून जे शिकले ते बहुतेक गोव्याचे होते, आणि माझ्या मते खरी गोष्ट त्यांची आहे. गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या गावशाळांमध्ये मुलांना लहानपणीच स्टाफ नोटेशन वाचायला शिकवत. कागदावरचं पाश्चात्त्य संगीत पाहून सरळ वाजवू शकणारी माणसं मुंबईला तिथूनच मिळाली. ही मुलं धोबीतलावच्या 'कूड'मध्ये, म्हणजे आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या सामायिक खोल्यांमध्ये, उतरायची आणि काम शोधायची. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा त्यातलाच. ट्रम्पेटवर तो 'चिक चॉकलेट' झाला, लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, यांच्याबरोबर त्याने काम केलं. १९५१ चा 'अलबेला' पाहिला असेल तर त्यात तो आपल्या बँडसह पडद्यावर दिसतो.

आता दारूबंदी. पहिला प्रयत्न १९३९ चा. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने ऑगस्टमध्ये मुंबई शहरात बंदी लागू केली, पण त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती बारगळली. दुसरा प्रयत्न पक्का होता. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि एप्रिल १९५० पासून पूर्ण बंदी. गृहमंत्री मोरारजी देसाई. कायद्याला आव्हान दिलं गेलं, १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालसारा खटल्यात त्याची काही कलमं रद्द केली आणि बराचसा कायदा उचलून धरला. परदेशी पाहुणे, आणि तब्येतीसाठी दारू लागते असा दाखला मिळवणारे, यांना परमिट मिळे. ते परमिट घेऊन जिथे बसून प्यायची ती 'परमिट रूम'. आज मुंबई-ठाण्यात कुठल्याही नाक्यावर 'बार अँड परमिट रूम' अशी पाटी दिसते ना, ते त्या काळाचं शेपूट आहे. कायदाही तोच आहे, नाव बदलून 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' झालंय एवढंच. म्हणजे आज आपण बारमध्ये बसून पितो ते कागदोपत्री एका बंदीला मिळालेली सवलत म्हणून.

तर गृहीतक असं: १९५० ची दारूबंदी हे कारण, जॅझचा अंत हा परिणाम. ऐकायला सरळ आहे. दारू नाही तर गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही तर बँड नाही.

पण हे खरं असेल तर १९५० नंतर लगेच बँड बंद पडायला हवेत. झालं उलटंच. ताजच्या घरच्या बँडचा नेता मिकी कोरिया १९३९ पासून सुमारे दोन दशकं तिथे होता. म्हणजे कडक बंदीची बहुतेक वर्षं तो वाजवतच होता. चर्चगेटचा रस्ता, आताचा वीर नरीमन रोड, हा तर भरात आला तो याच काळात. 'गेलॉर्ड' सुरू झालं १९५६ ला, बंदी जोरात असताना! अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलात टोनी पिंटोचा बँड, अ‍ॅस्टोरियातल्या 'व्हेनिस'मध्ये क्रिस पेरी, आणि त्याच्या बँडसमोर उभी राहून गाणारी लोर्ना कोर्देरो. डेव्ह ब्रुबेक १९५८ ला मुंबईत वाजवून गेला, आर्मस्ट्राँग स्वतः १९६४ ला आला. ज्या शहरात जॅझ मेलाय तिथे ही मंडळी कोणासाठी आली असती?

दुसरी चाचणी आणखी निर्दयी आहे. साठच्या दशकाच्या मध्यापासून महाराष्ट्राने बंदी सैल करत नेली, परमिट मिळणं सोपं झालं. बंदी हे कारण असेल तर ती उठताना संगीत परत फुलायला हवं. पण बँड खरे ओसरले ते सत्तरच्या दशकात, म्हणजे दारू सोपी झाल्यावर. औषध बंद केलं आणि रोग बरा झाला, अशातला हा प्रकार. कोणत्याही व्हायव्हामध्ये हा आलेख दाखवलात तर बाहेरचा परीक्षक पहिलं हेच विचारेल.

आणि तिसरी, पोस्टडॉकची. कोलकात्याचा पार्क स्ट्रीट. ट्रिंकाज, मोकॅम्बो, ब्लू फॉक्स. तिथे पॅम क्रेन गायची, कार्लटन किट्टो गिटार वाजवायचा, लुई बँक्स पियानोवर. दारू कायदेशीर, बार उघडे. तोही रस्ता पन्नास-साठच्या दशकांत फुलला आणि सत्तरमध्ये सुकत गेला. एका शहरात बंदी, एका शहरात नाही, आणि दोन्हीकडे आलेखाचा आकार साधारण सारखा.

इथे मला माझा एक जुना अपमान सांगावा लागेल. मी सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं की कारखाना आल्यामुळे अमुक खाडीतले मासे कमी झाले. माझ्याकडे आधीचे आकडे होते, नंतरचे आकडे होते, बाण खाली जात होता. गाइडने समासात पेन्सिलने चारच शब्द लिहिले: "शेजारची खाडी पाहिलीस का?" शेजारच्या खाडीत कारखाना नव्हता. मी गेलो, भरती-ओहोटी बघून सहा महिने जाळी टाकली. तिथेही मासे कमी निघाले.

कोलकाता ही मुंबईची शेजारची खाडी आहे. अगदी जुळी नाही, हे कबूल. तिथे नक्षलवादी आंदोलनाचा काळ होता, रात्री बाहेर पडायची भीती होती, वीज जायची, वर मनोरंजन कराचा बोजा. दोन खाड्यांचं पाणीही कधी एकसारखं नसतं. पण तुलना केल्याशिवाय 'मुळे' हा प्रत्यय वापरायचा नाही, एवढं तरी पाळता येतं.

मग दोन्हीकडे समान काय होतं? साठच्या शेवटी बीट ग्रुप आले, तरुण मुलांना ट्रम्पेटपेक्षा इलेक्ट्रिक गिटार हवी झाली. डिस्कोथेक आलं. ताजमध्येच 'ब्लो अप' सुरू झालं, जिथे बारा माणसांच्या बँडचं काम एक रेकॉर्ड प्लेअर करत होता. अँग्लो-इंडियन कुटुंबं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली, त्यात वाजवणारे होते आणि नाचणारेही. मुंबईत आणखी एक ओढ होती, ती म्हणजे सिनेमा. हेच गोवेकर वादक दिवसा रेकॉर्डिंग स्टुडिओत बसत. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं संयोजन सेबॅस्टियन डिसूझा करत. अँथनी गोन्साल्विसांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. स्टुडिओचं काम जसं वाढलं तसं रात्री हॉटेलात उभं राहण्याची गरज कमी झाली. त्यामुळे 'जॅझ मेला' म्हणणं मला पटतच नाही. तो तुमच्या आजीच्या रेडिओत गेला, फक्त श्रेयनामावलीत नाव न येता. दारूबंदीची सुटसुटीत गोष्ट सांगताना आपण या माणसांना आणखी एकदा वगळतो. मोरारजी खलनायक, हॉटेलवाले बळी, आणि वाजवणारा कुठेच नाही.

अजून एक गोंधळ लक्षात घ्या. १९४५ ते १९५० या पाच वर्षांत तीन गोष्टी एकदम झाल्या: युद्ध संपून परदेशी सैनिक परतले, इंग्रज गेले, आणि दारूबंदी आली. बॉलरूमच्या गर्दीत फरक पडलाच असेल, तर तो तिघांपैकी कोणामुळे? एकाच वेळी तीन चलं हलली की एकाला दोषी ठरवता येत नाही. माझ्या खाडीत कारखाना आणि रेतीउपसा एकाच वर्षी सुरू झाले होते, त्यामुळे हे दुःख मला ठाऊक आहे.

म्हणजे दारूबंदीने काहीच केलं नाही का? केलं. मला जे दिसतं ते असं, की तिने दारू आणि संगीत यांना वेगळं केलं. दारू गेली आंटीच्या घरी, हातभट्टीच्या नवटाकावर, जिथे आवाज करणं म्हणजे पोलिसांना बोलावणं. तिथे बँड शक्यच नव्हता. संगीत राहिलं रेस्टॉरंटमध्ये, कॉफी आणि कोल्ड ड्रिंकच्या साथीने. साठच्या दशकात चर्चगेटला रविवारी सकाळी जॅम सेशन व्हायची आणि कॉलेजची पोरं कॉफीवर नाचायची. आणि परमिट रूममध्ये पिणारा तर चोरासारखा, पटकन आटपून उठणारा. पुढे बंदी सैल झाली तरी खोलीची ती रचना तशीच राहिली: कमी उजेड, फॅमिलीसाठी वेगळं दालन, आणि वाजवणाऱ्याला उभं राहायला जागाच नाही.

याचे पुरावे कुठे शोधायचे, तेही थोडं सांगतो, कारण तुमच्यापैकी काहीजण इतिहासवाले आहात. रेस्टॉरंटच्या बँडची जाहिरात वर्तमानपत्रात येई. वादकाचं नाव, वेळ, डिनर-डान्सचा दर. आंटीची जाहिरात कुठे येणार? ती सापडते ती पोलीस आणि कोर्टाच्या कागदांत. नुसतं वर्तमानपत्र वाचलंत तर वाटेल की शहर कॉफी पिऊन नाचत होतं, नुसते खटले वाचलेत तर वाटेल शहर हातभट्टीत बुडालं होतं. जाळ्याचं भोक जेवढं असेल तेवढाच मासा हाती लागतो.

पोस्टडॉकचा मूळ प्रश्न राहिलाच. २००७ ला लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये 'ब्लू फ्रॉग' उघडलं, तिथे पेला आणि बँड पुन्हा एका छताखाली आले. ते २०१६ ला बंद झालं, तिथली दारू मात्र पूर्ण कायदेशीर होती. धोबीतलावच्या रंगभवनात १९७८ ला जॅझ यात्रा सुरू झाली होती. शेजारी हॉस्पिटल आणि कॉलेज, त्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमांखाली तिथला आवाजही थांबला. त्याला मी रॉयल ऑपेरा हाऊसच्या बाजूला न्यायचं ठरवलं होतं, पण त्याला चर्चगेटचाच रस्ता बघायचा होता. आम्ही स्टेशनपासून मरीन ड्राइव्हपर्यंत चालत गेलो. कुठे काय होतं ते मी दाखवत होतो, तो मध्येच थांबून पार्क स्ट्रीटवरचं नाव घेत होता: हे आमचं ट्रिंकाज, हे आमचं मोकॅम्बो. टोकाला समुद्रापाशी पोचलो तेव्हा त्याने विचारलं, "मद्रासलाही दारूबंदी होती ना? तिथे बघितलंस का?"

सोमवारी मी लायब्ररीत मद्रासची वर्तमानपत्रं मागवली.