ऊन पडतं ते छपरावर

बेळगावात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि २१ जूनला तर चक्क किंचित उत्तरेकडे झुकतो. उन्हाळ्यात इथं घर तापतं ते भिंतींमुळे कमी, छपरामुळे जास्त. जुन्या गवंडी-सुतारांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांनी बांधलेली घरं मात्र ते जाणून होती.

खडेबाजारासारख्या पेठेत घराचं तोंड अरुंद आणि खोली लांबलचक. पुढे दुकान, मागे सोपा, माजघर, स्वयंपाकघर, शेवटी परसू. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक, त्यामुळे त्यांना ऊन लागण्याचा प्रश्नच नाही. मधला चौक उजेड आत आणायचा, तापलेली हवा वर सोडायचा. राहिलं छप्पर. त्याच्या आणि माजघराच्या मध्ये माळा असे. शेंगांची पोती, जळण, अडगळ, सगळं तिथं. उष्णताही तिथंच अडकायची. वर नळीची कौलं, त्यांच्या फटींतून वारा खेळता.

भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या नाहीतर मातीच्या, दीड-दोन फूट जाड. जांभा खाणीत मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. दुपारची धग अशा भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि बेळगावची रात्र तर गारच.

ईशान्येकडे अथणीला गेलं की चित्र पालटतं. तिथं पाऊस बेळगावच्या निम्म्याहून कमी, म्हणून घरावर मातीचं सपाट माळवद. तेच माळवद बेळगावच्या पावसात एक श्रावणही काढणार नाही.

नळीची कौलं दरवर्षी शाकारावी लागत. माकडं आली की संपलंच. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्टनं मंगळुरात यंत्रावर दाबलेली, एकमेकांत अडकणारी कौलं सुरू केली आणि हा व्याप पुष्कळ कमी झाला. पुढे खानापूरची मातीही विटा-कौलांसाठी नावाजली. या कौलांनी घराची हवा फारशी बिघडली नाही. ती बिघडली स्लॅबनं. चार-पाच इंच काँक्रीट दिवसभर तापतं, रात्रभर ती धग खाली सोडतं आणि पंखा तीच फिरवत बसतो.

जुन्या घरांचे गोडवे गाताना अंधारं माजघर, चुलीचा धूर आणि वाळवी विसरू नये. शिवाय मातीचं बांधकाम मागेच थांबलं असंही नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ‘अस्त्र’ हा गट उभा राहिला. मातीत थोडं सिमेंट मिसळून, यंत्रात दाबून केलेल्या, भट्टी न लागणाऱ्या विटांवर त्यानं दीर्घकाळ काम केलं.

पेठेतलं घर पाडायची वेळ आलीच, तर नव्या नकाशात चौक ठेवा आणि स्लॅबवर कौलांचं छप्पर चढवा. चुन्या-मातीत बसवलेले चिरे अलगद सुटतात. ते आणि सागवानी तुळया भंगारात घालू नका, नव्या घरात वापरा.