व्हीए लोन: अमेरिकी सैनिकांनी गृहकर्जासाठी बँक कशी निवडावी?

अमेरिकेत १९४४ पासून आजी-माजी सैनिकांना 'व्हीए लोन' मिळतं. बहुतेकांना डाउन पेमेंट लागत नाही. मात्र माजी सैनिक विभाग सहसा फक्त हमी देतो. पैसे बँक देते आणि व्याजदरही तीच ठरवते. त्यामुळे तुलना महत्त्वाची.

• आधी पात्रता प्रमाणपत्र काढा.
• किमान तीन ठिकाणी अर्ज करून 'लोन एस्टिमेट' घ्या. तो कामकाजाच्या ३ दिवसांत द्यावाच लागतो.
• ही चौकशी ४५ दिवसांत उरका. क्रेडिट स्कोअरसाठी ती एकच धरली जाते.
• व्याजदरासोबत बँकेचं शुल्कही पाहा.
• सरकारी 'फंडिंग फी' बँक बदलून कमी होत नाही. सेवेतल्या अपंगत्वाची भरपाई मिळत असेल, तर ती माफ असते. हे बँकेला आवर्जून सांगा.