गणेश डाळिंबाचं जन्मगाव



माघ लागलाय. सकाळी पाणी द्यायला गेलं की अजून बोटं आखडतात, पण दुपारचं ऊन पाठीला लागायला लागलंय. आंबे बहाराच्या डाळिंबाचा ताण तोडून तीन आठवडे झाले. काड्यांना लालसर फूट दिसायला लागली. खोडांना बोर्डो पेस्ट लावून झाली, बुडातले फुटवे काढायचं काम चालू आहे.

ह्या कामातच आमच्या थोरल्यानं परवा विषय काढला. "आप्पा, विहिरीवरचं ते जुनं झाड काढून टाकू. जागा अडवतंय, आणि त्या फळाला बाजारात विचारतंय कोण?" ते झाड गणेशचं. १९८६ साली वडिलांनी अडीच एकर गणेश लावला, त्यातलं हे शेवटचं. मी त्याला म्हणलं, थांब, आधी ह्या झाडाची गोष्ट ऐक. त्याला सांगितली तीच आज इथं लिहितो. मलाही ती मागच्या महिन्यापर्यंत माहीत नव्हती.

पुण्यात एम्प्रेस गार्डनला दरवर्षी २६ जानेवारीच्या आसपास फुलांचं प्रदर्शन भरतं. पुतणी हडपसरला राहते. तिच्या मुलीला तिथल्या चित्रकलेच्या स्पर्धेत बसायचं होतं. सासवडहून दिवेघाट उतरून हडपसरच्या पुढं गेलं की ही बाग वाटेवरच. म्हणून मीच तिला घेऊन गेलो. ३९ एकरांची बाग. आधी ती लष्करातल्या सोल्जर लोकांसाठी होती, पुढं व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली तेव्हा एम्प्रेस हे नाव पडलं. आजही ॲग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ही जुनी संस्था ती सांभाळते. पोरं खाली बसून चित्रं काढत होती, बाया कुंड्यांचे भाव करत होत्या, माळी लोक आपापल्या कुंड्यांशेजारी अंग चोरून उभे होते. मी आपला भाज्या-फळांच्या मांडणीपाशी रेंगाळलो.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. फळबागेच्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेले.

"पाहुणे, कुठले म्हणायचे?"

"सासवडकडचा."

"अंजीर का डाळिंब?"

"दोन्ही. डाळिंब जास्त."

"गणेश कधी लावला होता?"

"वडिलांनी. त्याच्यावरच घर उभं राहिलं आमचं."

"मग गणेशचं जन्मगाव माहीत असेल."

मी म्हणलं, गणपतीच्या नावावरून ठेवलं असेल नाव. ते हसले. "नावातच गाव आहे की. गणेशखिंड. इथून तासाभराच्या अंतरावर. एकदा जाऊन या."

आठ दिवसांनी गेलो. विद्यापीठाजवळ, औंधच्या अंगाला ही बाग आहे. आता ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडं, फळ संशोधन केंद्र म्हणून. आत शिरलं की रस्त्याचा आवाज कमी होतो. जुने आंबे, मोठाली झाडं, खाली पाचोळा. मग घरी येऊन मिळेल ते वाचलं, त्या गृहस्थांना फोन करून विचारलं, आणि गोष्ट अशी जुळली.

सुरुवात होते दापोडीत. पेशवाई गेल्यावर दहा वर्षांनी, १८२८ साली, गव्हर्नर माल्कमनं दापोडीचा बंगला आणि जमीन सरकारसाठी घेतली आणि तिथं सरकारी बाग उभी केली. १८३८ पासून ती अलेक्झांडर गिब्सन नावाच्या डॉक्टरच्या ताब्यात होती. जुन्नरकडं हिवऱ्यालाही त्याच्याकडं बाग होती. तिथं सोनामुखी, खुरासानी ओवा अशी औषधी पिकं व्हायची आणि औषधं सरकारी दवाखान्यांना जायची. म्हणजे ह्या बागा शेतकऱ्यासाठी निघाल्या नव्हत्या. त्या साहेबांच्या गरजेसाठी होत्या. हे आधी स्पष्ट बोललेलं बरं, उगीच कुणाची आरती नको. पुढं १८४७ ला गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला जंगल अधिकारी झाला.

दापोडीच्या बागेतल्या झाडांची त्यानं एका चित्रकाराकडून दीडशेच्या वर चित्रं काढून घेतली. ती आज स्कॉटलंडात एडिंबरोच्या बागेत जपून ठेवलीत. चित्रं काढणारा इथलाच, गोव्याकडच्या पोर्तुगीज वळणाचा माणूस होता असं म्हणतात. त्याचं नाव मात्र कुणाला माहीत नाही. चित्रं राहिली, पानाच्या शिरा न् शिरा राहिल्या, नाव गेलं. आळी करणाऱ्या, पाणी धरणाऱ्या माळ्यांचं तर विचारूच नका.

१८६५ ला दापोडीची बाग मोडली. गव्हर्नरचा नवा बंगला गणेशखिंडीत होत होता, तोच आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. त्याच परिसरात १८७३ ला नवी बाग निघाली, ती ही गणेशखिंडीची बाग. वुड्रो नावाचा साहेब तिचा प्रमुख होता. त्यानं हिंदुस्थानातल्या बागकामावर पुस्तक लिहिलं, आंब्याच्या जातींवरही लिहिलं.

आपल्या कामाची गोष्ट इथून पुढं आहे. विसाव्या शतकात ह्या बागेत फळांचे प्रयोग सुरू झाले आणि डॉ. जी. एस. चीमा हे फळतज्ज्ञ तिथं काम करू लागले. १९२७ च्या सुमाराला लखनौहून आणलेल्या पेरूच्या बियांची रोपं त्यांनी लावली. बियांपासून केलेलं प्रत्येक झाड वेगळं निघतं, हे आपल्याला माहीत आहे. एकाचं फळ लहान, एकाचं बेचव, एखादंच बरं. त्यातलं एक झाड निवडलं, तेच लखनौ-४९. आज त्याला आपण सरदार म्हणतो. पेरू लावणाऱ्यानं हे नाव ऐकलं नाही असं होणार नाही. आकडा ४९ आहे, म्हणजे एकाच झाडावर काम भागलं नव्हतं, एवढं कुणालाही कळेल.

डाळिंबाचंही तसंच. आपल्याकडं जुनी जात आळंदी. दाणा लाल, पण बी कडक, चावताना दात आंबायचे. ह्या आळंदीच्या बियांपासून झालेल्या रोपांतून १९३६ साली चीमांनी एक झाड निवडलं. बी मऊ, फळ मोठं, चव गोड. त्याला नाव दिलं जीबीजी-१. म्हणजे गणेशखिंड बोटॅनिकल गार्डन, नंबर एक. १९७० ला त्याचं नाव गणेश झालं. चीमा साहेबी हे द्राक्षही ह्याच बागेतलं.

विचार करा मंडळी. बी लावायचं. तीन-चार वर्षं फळाची वाट बघायची. फळ आलं की कापायचं, चाखायचं, वहीत लिहायचं. बहुतेक झाडं नापास. तरी एका पावसाळ्याच्या नुकसानीनं काढून टाकायची नाहीत, कारण एका वर्षाचं फळ खरं सांगत नाही. हे काम कर्ज काढून शेती करणाऱ्या माणसाला जमत नाही. आपल्याला ह्या वर्षी हप्ता भरायचा असतो. असं काम सगळ्यांच्या मालकीच्या जागेतच होऊ शकतं, जिथं नापास झाडालाही पाणी मिळतं.

त्या एका झाडाच्या गुट्या न् काड्या गावोगाव गेल्या. आमच्याकडं आल्या तेव्हा मी दहावी होऊन घरीच होतो. हलकी, मुरमाड जमीन, पाणी बेताचं. ज्वारी-बाजरीवर पोट भरायचं, पण हातात पैसा राहत नव्हता. गणेश लावला आणि तिसऱ्या वर्षी वडिलांनी पहिल्यांदा सोसायटीचं कर्ज मुदतीत भरलं. दोन बहिणींची लग्नं, विहिरीचं खोलीकरण, घराला स्लॅब, सगळं त्यातून झालं. सांगोला, आटपाडी, सटाणा, मालेगावकडच्या कुठल्याही जुन्या डाळिंबवाल्याला विचारा, अशीच गोष्ट सांगेल.

मग तेल्या आला. २००५ ला आम्ही नांग्या भरायला एका रोपवाटिकेतून रोपं आणली, स्वस्त मिळाली म्हणून. मातृबाग बघितली नाही, ती चूक माझी. पुढच्या पावसाळ्यात पानांवर तेलकट ठिपके, मग फळं उलली. फवारण्यांवर पैसे घातले. २००७ ला जेसीबी लावून बाग काढली. वडील त्या दिवशी रानात आले नाहीत. संध्याकाळी येऊन एवढंच म्हणाले, "विहिरीवरचं राहू दे." ते झाड बाकीच्यांपासून लांब होतं, त्याला काही झालं नव्हतं. तेच हे झाड.

नंतर आम्ही भगवा लावला. बाजार लालभडक दाण्याला. पण भगवा तरी कोण? राहुरी विद्यापीठानं गणेश आणि गुल-ए-शाह रेड यांच्या संकराच्या पिढीतून काढलेला. म्हणजे आई-बापातला एक गणेशच. मृदुला, आरक्ता त्याच घरातल्या. थोरल्याला म्हणलं, बाबा, तू ज्या झाडाला जागा अडवतंय म्हणतोस ते तुझ्या भगव्याच्या आज्याच्या जागी आहे. तो हसला, पण गप्प बसला.

माझी काळजी वेगळी आहे. आज तालुक्याच्या तालुके एकाच भगव्यानं भरलेत. गुटी असो नाहीतर टिश्यूकल्चर, सगळं एकाच झाडाचं अंग. तेल्याला दाद न देणारं बाजारू वाण आजवर आपल्या हातात आलेलं नाही. मर आहे, खोडाला भोकं पाडणारा किडा आहे. पुढचं वाण कुठून येणार? ते परत कुठल्यातरी बियांच्या ओळीतूनच येणार. ती ओळ कुणी लावली पाहिजे, आणि जुनी झाडं कुठंतरी जिवंत राहिली पाहिजेत. गणेशखिंडीच्या बागेला २०२० साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. वाचून बरं वाटलं. शहराच्या मधोमध अशी जमीन राखणं सोपं नाही. ती बाग पुणेकरांना फिरायला हवीच, पण ती आपलीही आहे, हे आपल्याला माहीत पाहिजे.

आता थोडं आमच्या गावचं. शाळेच्या मागं ग्रामपंचायतीची पाच गुंठे जागा पडून होती. गेल्या रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीसजण जमलो. काटेरी झुडपं काढली, पोरांनी दगड वेचले, बायकांनी चहा-पोह्यांचं बघितलं आणि आळी करायलाही त्याच पुढं होत्या. गुरुजींनी पोरांना वही दिली. तिथं डाळिंब, पेरू, सीताफळाची बियांची रोपं लावायची ठरली. डाळिंबाचं बी विहिरीवरच्या गणेशचं. मागच्या फळांतलं राखेत घोळून ठेवलेलं. पिशव्यांत साठ टाकलंय. निम्मं उगवलं तरी खूप.

कृषी सहायक साहेबांनी एक गोष्ट बजावली, ती सगळ्यांसाठी लिहितो: असा तुकडा व्यापारी बागेपासून लांब ठेवा, एका बागेतली कात्री दुसऱ्या बागेत नेऊ नका, नेलीच तर निर्जंतुक करून न्या. आणि बियांच्या झाडावर पैशाची आशा धरू नका. साठातून एकही बरं निघालं नाही तरी नवल नाही. गुरुजी म्हणाले, पोरांना वही लिहायची सवय लागली तरी पैसे वसूल.

विहिरीवरचं झाड राहिलं आहे. थोरल्यानं स्वतःच काल त्याचा वाळका भाग काढला आणि बुडाला दोन पाट्या शेणखत घातलं. मी काही बोललो नाही.

मंडळी, तुमच्या बांधावर, परसात, विहिरीवर जुनी आळंदी, जुना गणेश, नाहीतर बियांपासून आपोआप आलेलं डाळिंब असेल तर काढू नका. ह्या बहारात त्याचं फूल कधी आलं, फळ कसं निघालं, पावसाळ्यात रोग किती पडला, एवढं लिहून ठेवा. आणि झाड कुणी लावलं ते नावही लिहा.

राम राम.