कर्करोग, विश्रांति आणि व्यायाम

आजारी माणसाला अंथरुणावर निजवून ठेवावें, त्याला पाण्याचा तांब्यासुद्धां स्वतः उचलूं देऊं नये, ही घरोघरची जुनी रीति आहे. तिच्या मुळाशीं माया असते. आणि ज्या आजाराचें नांव घेतांना माणसें आवाज खालीं आणतात, त्या कर्करोगाच्या बाबतींत तर ही माया अधिकच सावध होते. परंतु मायेनें घातलेला निर्बंध शरीराला मानवतोच असें नाहीं. कर्करोग्यानें हालचाल करावी कीं करूं नये, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचें उत्तर वैद्यकानें गेल्या सव्वाशें वर्षांत जवळजवळ उलट फिरविलें. तें कसें फिरलें, कोणीं फिरविलें, आणि तोंपर्यंत रोग्यांना काय सोसावें लागलें, हा इतिहास प्रत्येक कुटुंबानें ऐकून ठेवण्यासारखा आहे.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं होतो. तेथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत विल्यम हॉलस्टेड हा नामांकित शस्त्रवैद्य होता. स्तनाच्या कर्करोगावरील आपली शस्त्रक्रिया त्यानें १८९४ सालीं एका लेखांत विस्तारानें मांडली. स्तन, त्याखालील छातीचे स्नायु आणि काखेंतील गांठी हें सर्व एकत्र काढून टाकावें, अशी त्याची पद्धति होती. रोग त्याच जागीं पुन्हा उद्भवण्याचें प्रमाण तिनें पुष्कळ घटलें, म्हणून पुढें पाऊणशें वर्षें जगभर तिचाच अवलंब झाला. मात्र तिची किंमत रोगी स्त्रीच्या हाताला मोजावी लागे. स्नायु गेल्यामुळें खांदा आंखडे. शिवाय शरीराच्या पेशींमधून झिरपणारा लसीका नांवाचा पाणीदार रस हातांतून काखेंतील गांठींमध्यें येतो व तेथून पुढें अखेरीस रक्तांत मिसळतो. या गांठी काढल्या, कीं कालव्याचें तोंड बुजल्यावर पाणी जसें मागें तुंबतें, तसा हा रस तुंबतो आणि हात सुजतो. कित्येकींना चोळीची बाही चढेनाशी होई. हॉलस्टेडनें स्वतः १९२१ सालीं या सुजेवर निबंध लिहिला, आणि तिला शस्त्रक्रियेनें उत्पन्न झालेला हत्तीरोग अशा अर्थाचें नांव दिलें.

सूज दिसल्यावर त्या काळच्या समजुतीप्रमाणें तिच्यावर एकच सल्ला सुचणें स्वाभाविक होतें: त्या हातानें जड उचलूं नये, त्याला श्रम देऊं नयेत. हा सल्ला एका मोठ्या वैद्यकीय श्रद्धेशीं जुळणाराही होता. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हिल्टन यांचीं विश्रांति व वेदना या विषयावरील व्याख्यानें १८६३ सालीं ग्रंथरूपानें निघालीं, आणि ती पुढें दोन-तीन पिढ्यांच्या वैद्यांनीं अभ्यासिलीं. मोडलेलें हाड स्थिर ठेवल्यानें जुळतें, सुजलेला सांधा विश्रांतीनें शमतो, हें खरेंच होतें. पण जें एका हाडाला हितकर, तें सबंध देहाला हितकर, असा अर्थ त्यांतून निघाला. आणि प्रसूत झालेल्या स्त्रीपासून पोट फाडलेल्या रोग्यापर्यंत सर्वांना आठवडेच्या आठवडे निजवून ठेवण्याची चाल रूढ झाली.

या श्रद्धेला धक्का बसला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत. रुग्णालयांत खाटा अपुऱ्या पडूं लागल्या, आणि शस्त्रक्रिया झालेल्या सैनिकांना लौकर उठवावें लागलें. पाहतात तों लौकर उठलेले रोगी लौकर बरे होत. १९४७ सालीं रिचर्ड आशर या इंग्रज वैद्यानें ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत एक लहानसा, कांहींसा विनोदी लेख लिहून अंथरुणाचे धोके अवयवशः मोजून दाखविले. निजून राहिल्यानें छातींत कफ सांचतो, पायांच्या शिरांत रक्त गोठतें, हाडांतील चुना झिजतो, स्नायु सुकतात, पाठीला व्रण पडतात आणि मनही खचतें. ज्या गोष्टीला सर्वजण औषध समजत होते, तिलाही मात्रा असते, एवढेंच त्याला सांगावयाचें होतें.

दुसऱ्या बाजूनें, हालचालीलाच उपचार मानणारी एक विद्या तोंवर हळूहळू वाढत होती. स्वीडनमध्यें पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामविद्येची राजमान्य संस्था स्थापिली होती. योगायोग असा, कीं ज्या १८९४ सालीं हॉलस्टेडचा लेख प्रसिद्ध झाला, त्याच सालीं लंडनमध्यें चार परिचारिकांनीं मर्दनोपचार करणाऱ्या शिक्षित स्त्रियांची संस्था काढली. आज ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञांची जी प्रमुख संस्था आहे, तिचें मूळ हेंच. पहिल्या महायुद्धांतील जखमी सैनिकांनीं या विद्येला काम दिलें, पोलिओच्या सांथींनीं तिला घरोघर नेलें. १९३० नंतरच्या दशकांत एमिल व एस्ट्रिड व्होडर या डेन्मार्कच्या दांपत्यानें हलक्या हातानें त्वचा सरकवून तुंबलेला रस वाटेस लावण्याची मर्दनपद्धति बसविली. ती सुजलेल्या हातावर आजही योजतात. तथापि कर्करोगी हा या विद्येच्या दारांत फारसा येत नव्हता. ज्याचें आयुष्यच अनिश्चित, त्याच्या खांद्याची चौकशी कोण करणार?

ही चौकशी प्रथम मोठ्या आवाजांत केली ती एका रोगी स्त्रीनेंच. न्यूयॉर्कच्या टेरीझ लॅसर यांचा स्तन १९५२ सालीं हॉलस्टेडच्या पद्धतीनें काढण्यांत आला. पुढें हात कसा हलवावा, घरचें काम केव्हां सुरू करावें, यांविषयीं त्यांना कोणींच कांहीं सांगितलें नाहीं. तेव्हां त्यांनीं स्वतःच व्यायाम योजिले. भिंतीकडे तोंड करून उभें राहावें आणि बोटांनीं भिंत चढावी, दर दिवशीं कालच्या खुणेच्या किंचित् वर जावें. दोरीला बांधलेला रबरी चेंडू फेंकावा व धरावा. हेंच शिकविण्यासाठीं त्या इतर रोगी स्त्रियांच्या खाटेशीं जाऊं लागल्या. कांहीं शस्त्रवैद्यांना ही लुडबूड वाटली. पण जिनें तें दुःख भोगलें आहे तिचा शब्द रोग्याला निराळाच पटतो, हें अखेर मान्य झालें. आणि १९६९ सालीं अमेरिकन कॅन्सर सोसायटीनें त्यांचें कार्य आपल्याकडे घेतलें.

आपल्याकडे याच सुमारास मुंबईंत परळला या दोन विद्या समोरासमोर आल्या. लेडी मेहरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढें सर दोराबजी टाटा न्यासानें उभारलेलें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. १९५२ च्या सुमारास, पोलिओच्या सांथीनंतर, तेथून हांकेच्या अंतरावर असलेल्या के. ई. एम. रुग्णालयांत भौतिकोपचाराचें विद्यालय निघालें. १९५५ सालीं हाजी अली येथें भौतिक वैद्यक व पुनर्वसन यांची अखिल भारतीय संस्थाही स्थापन झाली.

येथील रोग्यांची गरज मात्र थोडी निराळी होती. तंबाखू, चुना व सुपारी यांनीं होणारा तोंडाचा कर्करोग या देशांत फार. त्यासाठीं मानेंतील गांठी काढण्याची शस्त्रक्रिया जॉर्ज क्राइल या अमेरिकन शस्त्रवैद्यानें १९०६ सालीं मांडली होती. तींत खांदा उचलणारी मज्जातंतु कापली जाई. मग खांदा लोंबे आणि हात डोक्यापर्यंत पोंचत नसे. किरणोपचारानें जबडा आंखडे, तो वेगळाच. तोंड उघडेना म्हणजे घांस जाईना, आणि घांस गेला नाहीं म्हणजे रोग बरा होऊनही माणूस खंगे. यावरील उपाय अगदीं साधा आहे. लांकडाच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्यें धरावयाच्या, आणि तज्ज्ञाच्या सांगण्याप्रमाणें त्यांत एकेक काडी वाढवावयाची. एका काडीची जाडी म्हणजे कांहींच नाहीं; पण दोन-तीन काड्यांच्या फरकानें भाकरीचा तुकडा तोंडांत जातो कीं नाहीं, हें ठरतें.

या सर्व प्रयत्नांना शास्त्राची चौकट दिली ती न्यूयॉर्कचे डॉ. हर्बर्ट डिट्झ यांनीं. १९६९ सालीं त्यांनीं कर्करोग्याच्या पुनर्वसनाचे चार हेतु सांगितले. हानि होण्यापूर्वींच ती टाळणें हा पहिला. झालेली हानि भरून काढणें हा दुसरा. ती भरून येण्यासारखी नसेल तर उरलेल्या शक्तीवर स्वावलंबी करणें हा तिसरा. आणि रोग हटणार नसेल तेव्हां क्लेश कमी करणें हा चौथा. म्हणजे ज्याचे दिवस थोडे उरले आहेत, त्यालाही खाटेवरून खुर्चींत बसविणें हें वैद्याचें काम ठरलें.

अजून एक भीति उरली होती. कर्करोगाचीं तीव्र औषधें चालू असतांना रोग्याला भयंकर थकवा येतो. त्यावर विश्रांतीशिवाय दुसरें काय सांगावें? अमेरिकेंत मेरी मॅकव्हिकर व मॅरिल विनिंगहॅम या परिचारिका-संशोधिकांनीं हा प्रश्न कसोटीला लावला. रसायनोपचार घेणाऱ्या ४५ स्त्रियांचे त्यांनीं चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें गट केले, आणि एका गटाला १० आठवडे, आठवड्यांतून तीन वेळां, जागच्या जागीं चालणारी सायकल चालविण्यास लाविलें. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सायकल चालविणाऱ्यांची श्रमशक्ति स्पष्टपणें वाढलेली दिसली. थकवा हा नुसत्या श्रमानें येतो असें नव्हे. श्रम सोडल्यानेंही तो येतो. निजल्यानें स्नायु झिजतात, झिजलेल्या स्नायूंना थोडें कामही जड होतें, म्हणून रोगी अधिक निजतो. हें रहाटगाडगें कोठें तरी थांबवावें लागतें.

राहतां राहिला तो हात. कॅनडांतील व्हँकुव्हर येथें डॉ. डॉन मॅकेंझी यांनीं १९९६ सालीं स्तनाचा कर्करोग झालेल्या २४ स्त्रियांना चक्क लांब चिनी नौकेंत बसवून वल्हीं मारावयास शिकविलें. वल्हविणें म्हणजे खांद्याचें सर्वांत कष्टाचें काम. पण त्या मोसमांत एकीलाही नवी सूज आली नाहीं. पुढें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत डॉ. कॅथ्रिन श्मिट्झ यांनीं आधींच हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवर वर्षभर प्रयोग केला. आठवड्यांतून दोनदां, हातावर दाबबाही घालून, तज्ज्ञांच्या शिकवणीप्रमाणें क्रमाक्रमानें वजनें उचलणाऱ्यांची सूज इतरांहून अधिक वाढली नाहीं. उलट सूज बळावण्याचें प्रमाण त्यांच्यांत शेंकडा १४, तर वजनें न उचलणाऱ्यांत शेंकडा २९ आढळलें. हें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे हॉलस्टेडच्या लेखानंतर ११५ वर्षांनीं त्या हाताची बंदी पुराव्यानिशीं उठली. दरम्यान पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांच्या प्रयोगांनीं हॉलस्टेडची एवढी मोठी शस्त्रक्रियाही अनावश्यक असल्याचें दाखवून दिलें होतें.

अलीकडचा पुरावा याहूनही पुढें जातो. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व रसायनोपचार झालेल्या ८८९ रोग्यांवर मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथें झालेल्या प्रयोगाचा निकाल २०२५ सालीं लागला. अर्ध्या रोग्यांना नुसतें आरोग्याचें पुस्तक दिलें. अर्ध्यांना तीन वर्षें मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीं व्यायाम दिला. पांच वर्षांनीं रोगमुक्त राहिलेले पहिल्या गटांत शेंकडा ७३.९, तर दुसऱ्यांत ८०.३ होते. आठ वर्षांनीं हयात असलेले अनुक्रमें शेंकडा ८३.२ व ९०.३ होते. व्यायाम करणाऱ्यांत स्नायु व सांधे दुखावण्याचे प्रकार थोडे अधिक झाले, हेंही त्या निबंधांत प्रामाणिकपणें नमूद आहे.

या आंकड्यांचा भलता अर्थ मात्र कोणीं काढूं नये. ते सारे रोगी शस्त्रक्रिया व औषधें घेऊन मग चालावयास निघाले होते. व्यायाम हा उपचाराचा सोबती आहे, त्याचा वारसदार नव्हे. रोग हाडांत उतरला असेल, ताप असेल, किंवा रक्तांतील बिंबिका फार घटल्या असतील, तर कोणती हालचाल चालेल हें वैद्यानेंच ठरवावें. इतरांसाठीं २०१९ सालीं तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें दिलेला सल्ला आटोपशीर आहे: आठवड्यांतून तीन दिवस अर्धा-अर्धा तास झपझप चालण्यासारखा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा. तंबाखू सोडणें, सकस आहार घेणें व वजन प्रमाणांत ठेवणें हीं जुनीं पथ्यें त्याच्या जोडीला आहेतच.

या इतिहासांत खलपुरुष कोणी नाहीं. हॉलस्टेडला रोग्याचे प्राण वांचवावयाचे होते, आणि हात उचलूं नको म्हणणाऱ्यांना त्याचें दुःख वांचवावयाचें होतें. चुकली ती परीक्षा न करतां धरलेली समजूत. आणि ती सुधारण्याचा आरंभ झाला तो भिंतीवर बोटें चढविणाऱ्या एका रोगी स्त्रीपासून. म्हणून घरांत कोणी हा आजार भोगून उठत असेल, आणि वैद्याची ना नसेल, तर पाण्याचा तांब्या त्याच्या हातांत देण्याऐवजीं चार पावलांवर ठेवावा, आणि तो उठून घेईपर्यंत शेजारीं उभें राहावें.