रविवार कुणाचा?

भाताची कापणी-झोडणी उरकली की डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या मोकळ्या शेतांत चुन्याच्या फक्कीच्या रेघा दिसू लागतात. कुठे कबड्डीचं मैदान आखलेलं असतं, तर कुठे टेनिस चेंडूच्या क्रिकेटसाठी पाणी मारून, चोपून खेळपट्टी घट्ट केलेली असते. भोंग्यावरून समालोचक बोलत राहतो, मैदानाच्या कडेला पोरंटोरं बसतात, मोठी माणसं मागे उभी राहतात. शनिवार-रविवार सामने होतात आणि खरी रंगत सोमवारी येते. डहाणू रोडहून सुटलेल्या लोकलमध्ये, तलासरीकडे जाणाऱ्या टमटममध्ये, चहाच्या टपरीवर उजळणी सुरू होते. दोन गुणांची आघाडी असताना तो बोनस घ्यायला गेलाच कशाला? डाव्या कोपऱ्याने घोट्याला हात घालायची घाई का केली? शेवटच्या षटकात चेंडू त्या पोराच्या हाती का दिला?

यातल्या बहुतेक सामन्यांना वर्तमानपत्रात जागा नसते. कोण जिंकलं याची नोंद मंडळाच्या कपाटातल्या चषकावर राहते आणि कसं जिंकलं याची नोंद बघ्यांच्या बोलण्यात. म्हणून हे बोलणं जपण्यासारखं आहे. आणि त्याचा इतिहास शोधायला निघालं की खेळाच्या आधी सुट्टीचा इतिहास हाती लागतो. सामना पाहणाऱ्याचा निदान तो एक दिवस तरी स्वतःच्या मालकीचा असावा लागतो, आणि या भागात तो दिवस माणसांना फार उशिरा आणि फार मोठी किंमत मोजून मिळाला.

मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढे लालबाग-परळ-दादरच्या पट्ट्यात तालमी, व्यायामशाळा आणि कबड्डीचे संघ फोफावले, त्यामागे हा मोकळा दिवस होता.

डहाणू मुंबईपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. रेल्वेमार्ग १८६४ पासून या भागातून जातो. पण रुळांच्या पूर्वेला, जंगलपट्टीतल्या वारली पाड्यांवर रविवार पोचलाच नाही. तिथे वेठ होती. जमीनदाराचा माणूस येऊन हाक मारी तेव्हा स्वतःचं शेत टाकून त्याच्या शेतात राबायला जावं लागे, तेही बिनमजुरी. लग्नासाठी कर्ज काढलेला तरुण ‘लग्नगडी’ म्हणून सावकाराच्या दारी बांधला जाई आणि त्याची बायकोही त्याच्याबरोबर राबे. मुंबई सरकारसाठी डी. सिमिंग्टन यांनी तयार केलेला अहवाल १९३९ मध्ये छापला गेला. वेठीचं आणि मारहाणीचं वर्णन त्या सरकारी कागदातही आहे. पुढे वारल्यांच्या लढ्याच्या नेत्या झालेल्या गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक ज्यांनी वाचलं आहे, त्यांना या जगण्याची अधिक जवळून ओळख आहे.

दिवस मालकाचा असला तरी रात्री माणसं स्वतःची होती. भात तयार झाल्यावर रात्ररात्र तारपा वाजे. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचं पान यांपासून केलेल्या त्या वाद्याभोवती गोल धरला जाई. तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नाही हा त्या नाचाचा नियम. डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून तो गोल पुढे जगभर गेला. ज्या समाजाला दिवसाउजेडी एकत्र जमण्याची मोकळीक नव्हती, त्याने आपली करमणूक अंधारात सांभाळून ठेवली होती.

हे चित्र बदललं १९४५ मध्ये. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे गेलेले वारली घरी परतले ते सभेचा संदेश घेऊनच. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं की वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, आणि दिवसाला बारा आणे रोख मजुरी घेतल्याशिवाय कुणाच्या शेतात पाय ठेवायचा नाही. गावोगाव लग्नगडी घरी परतले. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला आणि १० ऑक्टोबरला तलवाडा इथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. हा लढा मजुरीचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा होताही. पण आपला दिवस कुणासाठी खर्चायचा हे आपण ठरवणार, असंही त्या माणसांनी झरीला ठरवलं होतं. आज त्याच परिसरातला एखादा तरुण सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेताच्या बांधावर उभा राहून सामने पाहतो, त्या उभं राहण्याला हा इतिहास आहे.

किनाऱ्यावर सुट्टीचं गणित निराळं. मांगेला आणि कोळी समाजाच्या जगण्यात आठवड्यापेक्षा चंद्राला महत्त्व जास्त. डोल जाळ्याची मासेमारी प्रवाहाच्या जोरावर चालते. उधाणाच्या दिवसांत कामाला उसंत नसते आणि भांगाला पाण्याचा जोर ओसरला की माणसं किनाऱ्यावर सापडतात. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, पण तेव्हा मैदानं पाण्याखाली. म्हणून बंदरपट्टीतल्या स्पर्धेची तारीख ठरवताना कॅलेंडरवरची तिथीही बघावी लागते. त्यात कारखान्यांची भर पडली. विजेचा भार वाटून घेण्यासाठी राज्यातल्या औद्योगिक वसाहतींच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारी ठेवल्या गेल्या. तारापूर-बोईसर किंवा पलीकडे वापी-उंबरगावच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या खेळाडूचा रविवार रिकामा असेलच असं नाही. उपांत्य सामन्याला मुख्य चढाईपटूच कामावर असला की संघ कोलमडतो, आणि सोमवारच्या चर्चेला आणखी एक विषय मिळतो.

मोकळा दिवस मिळाला तरी वाद घालण्यासाठी दोन्ही बाजूंना मान्य असलेले नियम हवेत. हुतूतू महाराष्ट्रात जुना, पण गावागणिक त्याची रीत वेगळी होती. एका प्रकारात बाद झालेला गडी आपल्या संघाला गुण मिळाला की परत येई, ती संजीवनी. दुसऱ्यात सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसावं लागे, ती गामिनी. तिसऱ्यात गडी बाद होऊनही मैदानातच राही आणि गुण तेवढे मोजले जात, ती अमर. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात साताऱ्यात, पुण्यात आणि बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यात नियम लिहून काढायचं काम झालं. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या खेळाची प्रात्यक्षिकं दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि संजीवनीच्या पायावर उभा राहिलेला खेळ देशभर एकसारखा झाला. आता पुरुषांच्या सामन्यात सात गडी, तेरा मीटर बाय दहा मीटरचं मैदान, तीस सेकंदांची चढाई, लोण चढवल्याचे दोन जादा गुण. पूर्वी दोन पाड्यांच्या गड्यांत भांडण लागलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरण्याची भीती होती. नियम लिहिले गेले आणि शांत, बारीक नजरेच्या बघ्यालाही बोलायला बळ आलं.

हे नियम पाड्यांपर्यंत नेण्यात शाळांचा वाटा मोठा. बोर्डीला गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा होती, आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक होते. तिथेच १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. ज्या वर्षी झरीची सभा झाली त्याच वर्षी त्याच परिसरात बालवाडीही उभी राहिली, ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. नंतर आश्रमशाळा आल्या. आदिवासी विकास विभागाच्या डहाणू प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांतली मुलंमुली प्रकल्पस्तरावर कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल खेळतात आणि निवड झाली की विभागस्तरावर व राज्यस्तरावर जातात. वेगवेगळ्या पाड्यांवरची मुलं एका संघात येतात ती इथेच. गावच्या स्पर्धेत ज्याची चढाई पाहून लोक थक्क होतात, त्याने पहिली तालीम बहुधा एखाद्या आश्रमशाळेच्या अंगणात केलेली असते.

आता तलासरीत महाविद्यालय आहे, आणि त्याला नाव आहे कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर यांचं. ज्यांचे आजे लग्नगडी होते अशा घरांतली मुलं तिथे पदवीचं शिक्षण घेतात. मुंबईच्या एखाद्या मोठ्या कॉलेजसमोर अशा महाविद्यालयाचा संघ उतरतो तेव्हा निकालाची भाकितं बहुतेक ठरलेली असतात. तरी त्या संघाबद्दल गावात जे बोललं जातं त्याला आपलेपणाची धार असते, कारण प्रत्येक खेळाडू कुणाच्या तरी घरचा असतो.

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या फुटबॉलभोवती असंच आपलेपण आहे. तिथला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. पुढे मोठ्या विद्यापीठांचा खेळ प्रचंड झाला, आणि १९७३ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने तीन विभाग केले. तिसऱ्या विभागातल्या कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. मुलं आवडीने खेळतात, आणि शनिवारी गाव मैदानावर लोटतं. त्याहून महत्त्वाचा आहे १९६१ चा एक कायदा. हंगामात शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी व्यावसायिक फुटबॉलचं दूरचित्रवाणी प्रक्षेपण करून शाळा-कॉलेजांच्या सामन्यांचे प्रेक्षक पळवू नयेत, अशी तरतूद त्यात आहे. छोट्या खेळाचा दिवस मोठ्या खेळाने गिळू नये म्हणून एका देशाने कायदा केला, ही गोष्ट आपल्याकडच्या क्रीडाप्रशासकांनी वाचायला हवी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत, गावच्या स्पर्धा ऐन भरात असताना, प्रत्येक संध्याकाळ आयपीएलची असते.

तरीही गावची गर्दी टिकून आहे, आणि तिला सीमाही अडवत नाही. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली ४७ गावं आणि तीन शहरं गुजरातमध्ये गेली. उरलेली २७ गावं आधी डहाणूला जोडली गेली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी महाल झाला. ज्या झरीत १९४५ ची सभा झाली ते गावही उंबरगाव तालुक्यातून असंच तलासरीत आलं. कागदावर रेघ पडली, पण सोयरीक दोन्ही बाजूंना राहिली. मामाचं गाव गुजरातेत आणि काकाचं महाराष्ट्रात असलेला बघा सामन्यात कुणाची बाजू घेईल हे नकाशा पाहून सांगता येत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि ‘आपला जिल्हा’ म्हणून टाळ्या वाजवायला एक नवं नावही मिळालं.

क्रिकेटच्या चर्चेत शार्दूल ठाकूरचं नाव आल्यावाचून राहत नाही. पालघरजवळच्या माहीमचा हा मुलगा बोईसरच्या शाळेकडून खेळताना बोरिवलीच्या दिनेश लाड सरांच्या नजरेत भरला. पुढे त्याला सरावासाठी मुंबई गाठता यावी म्हणून लाडांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत त्याने पहिल्या डावात ६७ धावा केल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. चर्चगेटहून डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली २०१३ मध्ये, त्याच्या कितीतरी आधी त्याने पालघर-मुंबईच्या गाड्यांत किट सांभाळत पहाटे काढल्या होत्या. पट्टीतल्या मुलांना त्याच्या विक्रमांइतकीच ती किट ओळखीची वाटते.

मात्र या सगळ्या मोकळ्या दिवसांची वाटणी अजून समान नाही. मुलींच्या कबड्डीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कोलकात्यात झाली, तरी आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये आली आणि महिलांची २०१० मध्ये. मधली वीस वर्षं कुठे गेली हा प्रश्न पाड्यावरही विचारता येतो. आश्रमशाळेच्या स्पर्धेत मुलगी मुलांच्या बरोबरीने खेळते. सुट्टीत ती घरी आली की रविवारी पाणी, सरपण, धाकटी भावंडं तिच्या वाट्याला येतात, आणि भाऊ सामन्याला जातो. दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर गेले तर तिची शाळाच सुटण्याची भीती असते. या मुलींच्या पायात वेग आहे आणि पकडीत ताकद आहे, हे आश्रमशाळांच्या स्पर्धा पाहणारा कुणीही सांगेल. त्यांना पाहायला गाव जमायचं असेल तर गावच्या स्पर्धेच्या पत्रकावर मुलींचा गट छापावा लागेल, त्यांचा सामना भर उन्हात उरकून न टाकता संध्याकाळच्या गर्दीसमोर ठेवावा लागेल, आणि त्या दिवशीचं पाणी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी भरावं लागेल. पत्रकं भातझोडणीनंतर छापायला जातात, तेव्हा मंडळांच्या बैठकीत हे ठरू शकतं.