दातेरी सुरीची बाजू

बंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या मराठी घरांत एक मत पक्कं रुजलेलं दिसतं. घरात विळी आहे, साधी सुरी आहे, लादीपाव हातानं मोडतो आणि ब्रेड बेकरीतून कापूनच येतो. मग ब्रेडची लांब दातेरी सुरी हा परका, फुकटचा पसारा.

ब्रेड परका, हे तरी या शहरात म्हणू नये. चिकपेटेत अय्यंगार बंधूंची बेकरी १८९८ साली निघाली. कापून येणाऱ्या ब्रेडचा मुद्दा मात्र खरा आहे. १९२८ साली अमेरिकेत चिलिकोथी गावी ऑटो रोवेडरच्या यंत्रावर कापलेला ब्रेड विक्रीला आला, आणि पुढे घरोघरी ब्रेड कापायची गरज कमी होत गेली.

पण ही सुरी फक्त ब्रेडसाठी, हे गृहीतच चूक आहे. साधी धार दाबानं आत शिरते. वरचं कवच चिवट आणि आतला गर मऊ असला, की कवच फाटण्याआधी गर चेपतो. दातेरी पात्याचा सगळा भार मोजक्या टोकांवर येतो. टोकं कवच भेदतात, पुढचं काम ओढ करते. म्हणून पिकलेला टोमॅटो, अननसाची साल, केक, कडक ब्रून पाव या सुरीनं न चेपता कापले जातात. दातांमधल्या खाचा पाटाला टेकत नाहीत, त्यामुळे धारही पुष्कळ टिकते.

विळीचा कैवार मीही घेते: कोथिंबीर, मासळी, कच्चा फणस यांना तिच्यासारखं साधन नाही, दातेरी पातं तिथं नुसती फाडाफाड करतं. पण विळीवर पदार्थ पात्यावर रेटावा लागतो, आणि मऊ केक त्या रेट्यानंच बसतो.

‘दातेरी सुरीला धार लावता येत नाही’ हा आक्षेप अर्धाच खरा. धारवाल्याच्या चाकावर दात झिजतात, तिथं ती देऊच नये. बहुतेक सुऱ्यांना उतार एकाच बाजूला असतो. त्या बाजूनं प्रत्येक खाचेत मावेल अशी बारीक गोल कानस हलक्या हातानं फिरवावी आणि मागच्या सपाट बाजूला आलेली कोर घासून काढावी.

विळी ठेवाच, तिच्या शेजारी निदान आठ इंच पात्याची एक दातेरी सुरीही असू द्या.