परळची लस आणि कोकणातले साप

कुलाबा जिल्ह्यातल्या आपल्या गावांत 'साप चावला' असे सहसा कोणी म्हणत नसे. 'पान लागले' म्हणत. दिवेलागणीनंतर तर सापाचे नावसुद्धा घ्यायचे नाही. 'जनावर' किंवा 'लांबडे' म्हणायचे. पेण, रोहे, किहीम, म्हसळे, मुरूड या बाजूच्या गावांवरून ज्यांची आडनावे पडली, त्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना हे शब्द आठवत असतील. इकडे इस्रायलमध्ये जन्मलेल्या नातवंडांना मात्र ते समजावून सांगावे लागतात.

नाव न घेण्यामागे भीती होती, आणि ती खोटी नव्हती. आपले पूर्वज शनवार तेली म्हणून घाणा चालवीत, शेती करीत. भाताच्या खाचरांतून, गवताच्या उडव्यांजवळून, अंधाऱ्या पायवाटांनी त्यांचे येणेजाणे असे. त्या वाटांवर चार सापांपासून जिवाला धोका होता आणि आजही आहे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

या चौघांची तऱ्हा एक नाही. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर काम करते. पापण्या जड होतात, जीभ अडखळते, शेवटी श्वास थांबतो. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जखम दिसत नाही, फारशी दुखतही नाही, आणि पहाटे माणूस 'पोटात दुखते' म्हणून उठतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर जाते. रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून आणि लघवीतून वाहू लागते. घोणसीच्या दंशाने मूत्रपिंडेही निकामी होतात. फुरसे दिसायला हातभरसुद्धा नाही, पण कोकणच्या कातळावर ते इतके माजले होते की एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने मेलेल्या फुरशामागे इनाम लावले होते.

त्या काळी उपाय काय होते? भगताकडे न्यायचे, मंत्र घालायचा, कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा, जखमेवर विषखडा ठेवायचा, कोठे कोठे जिवंत कोंबड्या एकामागून एक जखमेला लावायच्या. आपल्या घरची माणसेही शेजाऱ्यांप्रमाणेच भगताकडे जात, यात लपवण्यासारखे काही नाही. दुसरे जवळ होते काय? आणि भगताचे रोगी बरेही होत. कारण साधे आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. जो मरायचा नव्हता तो मंत्राने वाचला असे ठरे, आणि जो मेला त्याचे नशीब ठरे.

तोरातील तांब्याच्या सापाची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. मोशेने तो रानात उभारला, लोक वाचले. पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. एके काळी ज्याचा आधार वाटला तेच नंतर वाट अडवू लागले तर ते मोडावे लागते, असा मी तरी त्याचा अर्थ घेते.

मोठी शास्त्रीय परीक्षा कलकत्त्यात झाली. जोसेफ फेरर या इंग्रज डॉक्टरने प्राण्यांवर प्रयोग करून त्या काळचे नाना उपाय तपासले आणि १८७२ साली भारतातील विषारी सापांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. खरा उतारा त्याला सापडला नाही. तो वीस-बावीस वर्षांनी सापडला, आणि त्याची सुरुवात सायगावात झाली. तेथे आल्बेर काल्मेत हे फ्रेंच डॉक्टर प्रयोगशाळा चालवीत होते. १८९१ साली पुराच्या वेळी एका गावात नाग शिरले, चाळीस माणसांना चावले, त्यांतील चार दगावली. त्या नागांचे विष घेऊन काल्मेत यांनी काम सुरू केले. प्राण्याला विष अगदी थोडे थोडे, वाढवत वाढवत टोचले तर त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते, आणि ते दुसऱ्याला टोचता येते, हे १८९४ साली पॅरिसमध्ये सिद्ध झाले. त्याच सुमारास फिझालीक्स आणि बेर्त्रां या दोघांनीही हेच दाखवले. पुढे त्यासाठी घोडे वापरू लागले. आजही लस मुख्यतः अशीच होते. लोक तिला लस म्हणतात म्हणून मीही म्हणते. पण ती आधी टोचून ठेवायची लस नव्हे, दंश झाल्यावर द्यायचा उतारा आहे.

आता परळकडे येऊ. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे यहुदी शास्त्रज्ञ. १८९३ साली पटकीची लस घेऊन ते हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव मिळाले. हाफकिन यांचे नाव आपल्या समाजात अभिमानाने घेतात ते प्लेगसाठी. परंतु सर्पदंशाच्या इतिहासातही त्या वास्तूला मोठे स्थान आहे.

काल्मेत यांची समजूत होती की नागाच्या विषावरची लस सर्व सापांना चालेल. विसाव्या शतकाच्या आरंभी परळच्या प्रयोगशाळेत जॉर्ज लॅम या लष्करी डॉक्टरने काम केले आणि दाखवून दिले की तसे नाही. नागाची लस घोणशीच्या विषाला चालत नाही. ज्याचे विष त्याचाच उतारा. हे कळल्यावरच पुढची वाट मोकळी झाली. १९०५ साली स्थापन झालेल्या कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत नाग आणि घोणस या दोघांवरची लस होऊ लागली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून हाफकिनमध्ये चारही सापांवरची एकच लस बनू लागली. चार सापांची विषे घोड्याला टोचतात, रक्तातील उपयोगी भाग वेगळा करतात, आणि तो गोठवून सुकवून कुपीत भरतात. सुकवलेली कुपी शीतकपाटावाचूनही बरेच दिवस टिकते. ज्या गावात वीज जाते-येते तेथे ही गोष्ट केवढी मोठी, हे खेड्यात काम केलेल्यांनाच कळेल. या संस्थेतील पी. जे. देवरस यांनी १९६५ साली भारतातील सापांवर साध्या वाचकासाठी पुस्तक लिहिले. १९७५ साली उत्पादनाचे काम वेगळे काढून हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ स्थापन झाले.

म्हणजे औषध होते. अलिबाग आणि परळ यांच्यामध्ये नुसती एक खाडी. मग माणसे मरत का होती?

१९८० च्या सुमारास मी मुंबईत परिचारिकेचे शिक्षण घेत होते. पावसाळा सुरू झाला की असे रोगी येत. बहुतेकांच्या पायाला सुतळी किंवा फडक्याचा पट्टा करकचून बांधलेला असे, पाय काळानिळा पडलेला, जखमेवर पात्याने चिरा दिलेल्या. विचारावे तर उत्तर ठरलेले: आधी भगताकडे नेले, मग तालुक्याला नेले, तिथे लस नव्हती, मग एस.टी.ची वाट पाहिली. दंश संध्याकाळचा आणि आम्ही पाहत होतो दुसऱ्या दिवशी दुपारी. रक्त वाहून गेल्यावर, मूत्रपिंडे बसल्यावर लस देऊनही सगळे परत येत नाही. लस विषाला धरते. विषाने आधीच केलेला नाश ती भरून काढीत नाही. आमच्या वॉर्डात लागणाऱ्या कुप्यांपेक्षा वाटेत गेलेले तास महाग पडत.

हीच गोष्ट आकड्यांतही दिसते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सुमारे ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. यांतील बहुसंख्य खेड्यांतील, आणि पुष्कळ जण दवाखान्यात पोचलेच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले, आणि २०१९ साली २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ध्येय ठरवले. भारत सरकारने २०२४ साली आपला राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला आणि सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना कळवले. प्लेगनंतर सव्वाशे वर्षांनी साप सरकारी कागदावर आला म्हणायचा!

आपल्या जिल्ह्यापुरते चांगले सांगण्यासारखेही आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावसकर यांनी १९७० च्या दशकापासून विंचू आणि साप यांच्या रोग्यांवर उपचार केले. विंचवाच्या दंशाने मुले पटापट मरत. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध वेळेवर दिले तर ती वाचतात हे त्यांनी दाखवले, आणि ते काम जगभर गेले. मोठ्या शहरात नव्हे, महाडला! २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

लसीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. भारतातील लसीसाठी लागणारे बहुतेक विष तमिळनाडूतील इरुला लोकांची सहकारी संस्था पुरवते. ती १९७८ साली निघाली. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रांताप्रांतात थोडे वेगळे असते, म्हणून सगळीकडे लस सारखी लागू पडत नाही. आपल्या किनाऱ्यावरचे समुद्रसाप आणि झाडावरचा हिरवा चापडा यांच्यावर ती उपयोगी नाही. घोड्याच्या रक्तातले द्रव्य असल्याने कोणाकोणाला ती सोसत नाही. तेव्हा ॲड्रेनॅलिन हाताशी लागते. म्हणून ती घरी किंवा भगताकडे टोचण्याची वस्तू नव्हे. आणखी एक: लहान मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच कुप्या लागतात, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही.

इकडे इस्रायलमध्येही त्सेफा नावाचा साप आहे. शास्त्रज्ञ त्याला आपल्या घोणशीच्याच कुळात घालतात. त्याची लस याच देशात बनते. पण येथे सर्पदंशाने माणूस दगावणे विरळा, ते साप गरीब आहे म्हणून नव्हे, तर १०१ वर फोन केला की गाडी येते आणि थोड्या वेळात रुग्णालय गाठता येते म्हणून. कुळ तेच, घोड्याचे औषधही तसेच. फरक रस्त्याचा आणि वेळेचा.

आपल्यापैकी पुष्कळ जण सिनेगॉग आणि पूर्वजांच्या कबरी पाहायला कोकणात जातात, कोणी आपली जुनी घरे अजून राखून आहेत. त्यांच्यासाठी, आणि तिकडच्या नातेवाइकांना व शेजाऱ्यांना सांगण्यासाठी, थोडक्यात लिहिते. कबरस्तानात गवत माजलेले असते. बूट घालावेत, काठी आपटत चालावे, रात्री विजेरी घ्यावी. जमिनीवर झोपायचे झाल्यास मच्छरदाणी चांगली खोचून घ्यावी. पान लागलेच तर बांगड्या, अंगठ्या, पैंजण लगेच काढावेत. चिरू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, रोग्याला चालवू नये, धीर द्यावा. साप पकडण्यात वेळ घालवू नये. दंशाची वेळ लिहून ठेवावी. महाराष्ट्रात १०८ वर गाडी बोलवावी, आणि निघतानाच रुग्णालयाला फोन करून लस आहे ना, ते विचारावे. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.

भगताला शिव्या घालण्यात अर्थ नाही; गावात लोक आधी त्याच्याच दारी जातात. त्याने 'मंत्र मागाहून घालतो, आधी गाडीत बसवा' एवढे म्हटले, तरी पुष्कळ माणसे वाचतील.